आजींची मिसरी आणि लाळेचा थेंब

दिल्लीच्या मयूर विहार फेज-१ मधल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. मुलगा नोकरीसाठी दिल्लीला आला, इथेच रमला, आणि वडील गेल्यावर आईलाही घेऊन आला. गावाहून निघताना आजींनी दोन वस्तू कुणाच्या हाती दिल्या नाहीत. एक तुळशीची कुंडी आणि दुसरा मिसरीचा डबा. तुळस बाल्कनीत गेली, डबा न्हाणीघराच्या फळीवर. डबा संपत आला की आजी स्वयंपाकघराचे दार लावून घेतात, तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजतात आणि कुटून पूड करतात. त्या दिवशी असा खाट उठतो, की समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी बाई दार उघडून विचारतात, आज काय करपले?

एक दिवस जेवताना आजींनी ठेच्याला नको म्हटले. झोंबतो म्हणाल्या. ज्यांनी जन्मभर ठेच्याशिवाय भाकरी खाल्ली नाही, त्यांना ठेचा झोंबावा, हे सुनेला चमत्कारिक वाटले.

"आई, तोंड उघडा बघू जरा."

मोबाइलच्या उजेडात खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, नखाएवढा पांढरा चट्टा दिसला. सुनेने स्वच्छ फडक्याने हलकेच पुसून पाहिला. तो निघाला नाही.

"कधीपासून आहे हे?"

"असेल दिवाळीपासून. दुखत नाही काही. तोंड आलं असेल."

"मिसरी तिथेच लावता ना तुम्ही?"

"अगं, मिसरी म्हणजे काय तंबाखू आहे होय? दातांना बरी म्हणून लावते. तुझ्या आजेसासूबाईंनी नव्वदीपर्यंत लावली."

मिसरी म्हणजे तंबाखू नव्हे, हा समज महाराष्ट्रात जितका जुना आहे तितकाच घट्ट आहे. भाजल्यावर तंबाखूतले विष जळून जाते, असे बायका एकमेकींना सांगत आल्या. विष जळत नाही. उलट भाजताना तयार होणारी काही घातक द्रव्ये पुडीतच राहतात, आणि ती पूड रोज सकाळी, काही घरांत दिवसातून तीन-तीनदा, हिरडीच्या त्याच जागी दाबून धरली जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी साठीच्या दशकाच्या अखेरीला पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गेले होते. त्यांनी १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुरुषांच्या चुना-तंबाखूबरोबर बायकांच्या मिसरीची दखल शास्त्राने घेतली ती या कामात. अर्धशतक उलटले, तरी मिसरीचे डबे गावातून शहरात आणि शहरातून दिल्लीपर्यंत प्रवास करीतच आहेत.

तोंडाचा कॅन्सर हा आपल्याकडचा खास रोग म्हणावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रोगी झाले आणि सुमारे ८० हजार माणसे दगावली. तंबाखू हे मोठे कारण. सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले, त्याचा ग्रंथ २००४ मध्ये निघाला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तर दुकानदारांनी पानमसाल्याची एक पुडी आणि जर्द्याची दुसरी पुडी अशी जोडी टांगली. गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून तोंडात टाकते. बंदी कागदावर राहते आणि चट्टा तोंडात.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की हा रोग पोटात किंवा फुफ्फुसात लपत नाही. तो आरशात दिसतो. तरीही आपल्याकडे बहुसंख्य रोगी दवाखान्यात पोचतात ते गाठ जबड्यापर्यंत किंवा मानेपर्यंत गेल्यावर. लहान असताना सापडला तर बहुधा छोट्या शस्त्रक्रियेत काम भागते. उशीर झाला तर जबड्याचा भाग काढावा लागतो, मग किरणोपचार, मग औषधे, आणि एवढे करून माणूस हाती लागेलच याची खात्री नाही.

मात्र प्रत्येक पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. असे बहुतेक चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत. थोडे होतात. कोणते होतील, हे वरून पाहून नामवंत सर्जनलाही ठामपणे सांगता येत नाही. चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. या तपासणीला बायॉप्सी म्हणतात, आणि तिचे नाव काढले की घरात शांतता पसरते.

या घरातही तसेच झाले. आजी म्हणाल्या, "सुई लावली की तो पसरतो. आमच्या गावात एकाला असंच झालं."

तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या नातवाने मोबाइल पुढे केला. कुठल्याशा बातमीचा मथळा होता, की लाळेच्या एका थेंबातून कॅन्सर ओळखणारा नॅनो सेन्सर शास्त्रज्ञांनी तयार केला आहे.

"आजी, हे बघ. सुई नाही, काही नाही. नुसतं थुंकायचं."

"मग तेवढं करा," आजी म्हणाल्या. "थुंकायला मी तयार आहे."

बातमी खोटी नव्हती. गंमत म्हणजे या कामातले एक महत्त्वाचे काम दिल्लीतच झाले आहे. मयूर विहारहून मेट्रोच्या निळ्या मार्गाने राजीव चौकाला जावे, तिथून पिवळ्या मार्गाने समयपूर बादलीपर्यंत, आणि पुढे रिक्षाने बवाना रोडवरच्या दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत. तिथे प्रा. बन्सीधर मल्होत्रा यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी एका सेन्सरचे काम प्रसिद्ध केले. मल्होत्रा आधी दिल्लीच्याच राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत होते आणि कित्येक वर्षे अशाच जैवसंवेदकांवर काम करीत आले होते. रोहिणीतल्या राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूटचे डॉक्टरही या कामात सामील होते.

जैवसंवेदक हा शब्द जड वाटला, तरी वस्तू ओळखीची आहे. या घरातच एक आहे. मुलाला मधुमेह असल्याने टेबलाच्या खणात ग्लुकोमीटर असतो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवला की काही सेकंदांत साखरेचा आकडा येतो. पट्टीवरचे विकर, म्हणजे एन्झाइम, फक्त ग्लुकोजलाच पकडते, त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह तयार होतो आणि यंत्र तो मोजते. ही कल्पना अमेरिकेतले लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. ओळखणारा एक जैविक पदार्थ आणि ती ओळख आकड्यात सांगणारे एक यंत्र, एवढाच जैवसंवेदकाचा अर्थ.

मग साखरेसारखाच कॅन्सर का मोजता येऊ नये? अडचण प्रमाणाची आहे. रक्तातली साखर एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम असते. मल्होत्रांच्या गटाने शोधायचे ठरवलेला पदार्थ म्हणजे 'सायफ्रा २१-१'. आपल्या त्वचेच्या आणि तोंडाच्या अस्तराच्या पेशींना जे प्रथिनांचे धागे आकार देतात, त्यांतल्या एका धाग्याचा हा तुटलेला तुकडा. पेशी बेसुमार वाढू आणि मरू लागल्या की हे तुकडे लाळेत जास्त येतात. पण जास्त म्हणजे किती? एका मिलिलिटरमध्ये काही नॅनोग्रॅम. साखरेच्या साधारण लाखपट कमी. ग्लुकोमीटरच्या साध्या पट्टीला त्याचा सुगावाही लागायचा नाही.

इथे नॅनो कामाला येते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. एवढे बारीक करून मिळते काय? गृहिणीला हे उदाहरणाशिवायही कळावे. खडीसाखर दुधात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर टाकताच विरघळते. साखर तीच, पण बारीक झाल्याने दुधाला लागणारा पृष्ठभाग वाढला. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर होतो. फासे जितके जागी असतील तितके ते ठोकळे उघडे असतील असे नाही, पण हिशेब एवढा मोठा आहे. चिमूटभर पदार्थावर जवळजवळ फुटबॉलच्या मैदानाएवढी जागा! त्या जागेवर सायफ्रा पकडणारे फासे दाटीने बसवता येतात, आणि लाखपट विरळ असलेला तुकडाही कुठे ना कुठे अडकतो.

दिल्लीच्या सेन्सरसाठी पदार्थ निवडला तो झिर्कोनिया. नाव परके वाटेल, पण सराफाच्या दुकानात अमेरिकन डायमंड म्हणून जो खडा मिळतो तो झिर्कोनियाच. दातांवरच्या पांढऱ्या टोप्याही त्याच्याच करतात. शरीराला तो बाधत नाही आणि प्रथिने त्याच्यावर चांगली बसतात. टीव्हीच्या व मोबाइलच्या पडद्यात वापरतात तशा, वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक काचेवर झिर्कोनियाच्या नॅनोकणांचा थर दिला. त्याच्यावर सायफ्राची नेमकी ओळख असलेले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, जोडले. हेच ते फासे. उरलेल्या मोकळ्या जागा दुसऱ्याच एका निरुपद्रवी प्रथिनाने बुजवल्या, नाहीतर लाळेतले नको ते पदार्थ तिथे ठाण मांडतात. मग थेंब टाकायचा. जितके सायफ्रा अडकेल, त्या प्रमाणात प्रवाहात फरक पडतो. मिलिलिटरमध्ये २ पासून १६ नॅनोग्रॅमपर्यंत हा सेन्सर आकडा देऊ लागला. रोग्यांच्या लाळेवरही तो चालवून पाहिला आणि प्रयोगशाळेतल्या प्रचलित तपासणीशी त्याचे उत्तर जुळले. पुढच्याच वर्षी ग्राफीनच्या पापुद्र्यावर झिर्कोनिया बसवलेला दुसरा सेन्सर झाला. त्याच सुमारास या प्रयोगशाळेने काचेऐवजी वीजवाहक कागद वापरून कॅन्सरच्या आणखी एका खुणेसाठी सेन्सर केला. कागद आला म्हणजे स्वस्ताई आली, असे वाचकाला वाटेल आणि ते रास्त आहे.

मग आजींना बवाना रोडला का नेऊ नये?

कारण तिथे सेन्सर आहे, तपासणी नाही. या दोहोंत फार अंतर आहे, आणि 'लवकरच बाजारात' असे छापणाऱ्या बातम्या ते अंतर एका ओळीत ओलांडतात. प्रयोगशाळेत एका हुशार विद्यार्थ्याने हाताने केलेल्या दहा काचा आणि कारखान्यातून निघालेल्या दहा लाख पट्ट्या यांत तोच फरक आहे, जो घरच्या दहा पुरणपोळ्यांत आणि लग्नाच्या पंगतीत असतो. प्रत्येक पट्टीचा आकडा सारखा यायला हवा. प्रतिपिंड नाजूक असतात, त्यांना उष्णता सोसत नाही, आणि दिल्लीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. लाळ तर रक्तापेक्षा लहरी. सकाळची वेगळी, जेवणानंतरची वेगळी, हिरड्यांतून रक्त येत असेल तर आणखी वेगळी. तोंडात मिसरी असलेल्या माणसाची कशी असेल, याचाही विचार करायला हवा. शिवाय सायफ्रा ही काही फक्त तोंडाच्या कॅन्सरची खूण नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही डॉक्टर ती पाहतात.

सर्वांत मोठी अडचण साध्या अंकगणिताची आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. समजा, दहा हजार माणसांची लाळ तपासली. त्यांतल्या दहा जणांना खरोखर कॅन्सर आहे. समजा, तपासणी शंभरात नव्वद वेळा बरोबर उत्तर देते, रोग्यालाही आणि निरोग्यालाही. ऐकायला उत्तम. तर दहापैकी नऊ रोगी सापडतील, एक सुटेल. आणि उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी दहा टक्क्यांना, म्हणजे ९९९ जणांना, तुम्हाला कॅन्सर असावा असा कागद मिळेल. नऊ खरे आणि ९९९ खोटे. त्या ९९९ घरांत त्या रात्री कुणाला झोप लागणार नाही, आणि त्या सगळ्यांची बायॉप्सी करावी लागेल. जी सुई टाळायला निघालो तीच हजार जणांना! म्हणून काही डझन नमुन्यांवर चाललेल्या सेन्सरला हजारो माणसांवर, कित्येक वर्षे तावूनसुलाखून घ्यावे लागते. त्यात पैसा लागतो, रुग्णालये लागतात आणि चिकाटी लागते. कंटाळून अर्ध्यावर सोडलेले सेन्सर जगभर शोधनिबंधांत पडून आहेत.

नातू हिरमुसला. "मग तोवर काय करायचं? नुसतं बसून राहायचं?"

बसून राहायची गरज नाही, कारण या रोगासाठी एक तपासणी आधीच तावूनसुलाखून निघाली आहे. ती उजेड आणि डोळे यांची. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन पस्तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडे पाहू लागले. संशयास्पद काही दिसले की डॉक्टरकडे पाठवायचे, एवढेच. एका बाजूला तपासलेले गाव-विभाग, दुसऱ्या बाजूला न तपासलेले, असे मिळून १ लाख ९० हजारांहून अधिक माणसे या अभ्यासात होती. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांत, तपासलेल्या विभागांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. ना झिर्कोनिया, ना ग्राफीन.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये हीच पद्धत देशभरासाठी स्वीकारली. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा तपासावे, असा आराखडा आहे. प्रत्यक्षात काय झाले? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या लोकांना विचारले, तेव्हा कधी काळी तोंडाची कॅन्सरसाठी तपासणी झाली असे सांगणारे शंभरात जेमतेम एक निघाले. ज्या देशात टॉर्च पोचली नाही तिथे नॅनो सेन्सर कोणत्या वाटेने पोचणार, हा प्रश्न शास्त्रज्ञांना विचारण्याचा नव्हे, पण विचारला पाहिजे.

शनिवारी सुनेने आजींना बाजारातल्या दंतवैद्यांकडे नेले. मोठ्या दवाखान्यात जायला आजी तयार नव्हत्या. शेजारच्या वसुंधरा एन्क्लेव्हमध्ये १९९४ पासून कॅन्सरचे रुग्णालय आहे, आणि रिक्षा त्या बाजूने गेली तरी त्या तोंड फिरवतात. दंतवैद्यांनी आरसा घालून पाहिले, जीभ उचलून खाली पाहिले, मानेला हात लावून गाठी चाचपल्या. तोंड तीन बोटे उघडते ना, हेही पाहिले, कारण सुपारी खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू मिटत येते. मग त्यांनी चिठ्ठी दिली: बायॉप्सी.

आजींनी पसरण्याची गोष्ट काढली तेव्हा दंतवैद्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "माताजी, तुमच्या गावातल्या माणसाचा तुकडा काढला तेव्हा रोग आधीच पसरलेला असणार. म्हणून तर काढला. तुकड्यामुळे नाही पसरला." सुनेने ते मराठीत सांगितले. आजींना पटले की नाही कोण जाणे, पण त्या गेल्या. जागा बधिर करून डाळीएवढा तुकडा काढला, एक टाका घातला. दोन दिवस पेज खाल्ली.

आठवड्याने अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण पेशींची ठेवण बिघडायला सुरुवात झाली होती. मिसरी आजपासून बंद, आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचे, वर्षानुवर्षे. चट्टा बदललासा वाटला तर पुन्हा तुकडा.

लाळेच्या सेन्सरची खरी जागा कदाचित इथेच आहे. दहा हजार निरोगी लोकांत रोगी धुंडाळण्यात नव्हे, तर टॉर्चने आधीच सापडलेल्या अशा माणसांवर नजर ठेवण्यात. इथे रोगाची शक्यताच अधिक असल्याने मघाचे अंकगणित फिरते आणि खोटे इशारे कमी पडतात. शिवाय तुलना दुसऱ्याशी करायची नसते, त्याच माणसाच्या मागच्या आकड्याशी करायची असते. घरी बसून महिन्याला एक पट्टी, आकडा चढू लागला तरच दवाखाना. गावाकडे राहणाऱ्या, तालुक्याला जायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागणाऱ्या बाईला तर असे साधन फारच मोलाचे ठरेल. मात्र त्यासाठी आधी तिचा चट्टा कुणाला तरी दिसायला हवा.

डबा आजींनी स्वतः उचलला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. पहिले पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. सुनेने बडीशेप भाजून दिली, ती त्या चघळतात आणि नावे ठेवतात.

तीन महिन्यांनी दंतवैद्यांच्या खुर्चीवर बसताना आजींनी नातवाकडे पाहून विचारले, "ते थुंकायचं यंत्र आलं का रे?"

"अजून नाही, आजी."

"बरं," म्हणून त्यांनी तोंड उघडले.